डिस्ट्रिक्ट हीटिंगमध्ये यायचंय? आधी परतीचं पाणी बघायला शिका

मेकॅनिकल किंवा केमिकल करून डेन्मार्कला एम.एस्सी.साठी येऊ पाहणारी मुलं मला बहुतेक एकच गोष्ट सांगतात : ‘हीट पंपावर काम करायचंय.’ त्यात चूक काहीच नाही. एस्बियर्गमध्ये कोळशाच्या वीजकेंद्राची जागा घ्यायला समुद्राच्या पाण्यातून उष्णता खेचणारे 70 मेगावॉटचे हीट पंप बसवलेत, त्यांचे फोटो पाहिले की कोणालाही तेच वाटेल. पण या क्षेत्रात काही वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की, गाव अक्षय ऊर्जेवर जाणार की नाही याचा निकाल लोकांच्या तळघरात, म्हणजे घराच्या हीटिंगची जोडणी असते तिथे लागतो. केंद्रात कोणतं यंत्र बसवलं हा त्यानंतरचा प्रश्न. नवख्या माणसाने कशापासून सुरुवात करावी, हे त्याच अंगाने सांगतो.

थोडी पार्श्वभूमी. डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणजे एका केंद्रात पाणी तापवून जमिनीखालच्या नळांनी घरोघर पोचवायचं आणि गार झालेलं परत आणायचं. डेन्मार्कमधली जवळजवळ दोन तृतीयांश घरं अशीच ऊबदार राहतात. सुरुवात 1903 साली फ्रेडरिक्सबर्गला कचरा जाळण्याच्या भट्टीपासून झाली. पण खरा जोर आला तो 1973 च्या तेलटंचाईनंतर आणि 1979 च्या उष्णता पुरवठा कायद्यानंतर. उष्णता कंपन्यांना नफा कमावता येत नाही, खर्च तेवढाच वसूल करायचा. लहान गावांतल्या बऱ्याच कंपन्या तर ग्राहकांच्याच मालकीच्या सहकारी संस्था आहेत. वार्षिक सभा आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सभेसारखीच असते : कॉफी, खाणं आणि पहिल्या रांगेत बसून ताळेबंदातला प्रत्येक आकडा विचारणारे निवृत्त शिक्षक. इंजिनिअर म्हणून तिथे उभं राहून दरवाढ समजावून सांगता आली, तर तुमची डॅनिश कामापुरती झाली असं समजा.

आता मुद्द्यावर येतो. एक घनमीटर पाणी एक अंशाने गार झालं की साधारण 1.16 युनिट उष्णता मिळते. केंद्रातून पाणी 75 अंशांनी निघालं आणि घरातून 35 अंशांनी परत आलं, तर घनमीटरमागे सुमारे 46 युनिट. तेच 50 अंशांनी परतलं तर जेमतेम 29. घराला ऊब तेवढीच लागते, म्हणजे जास्त पाणी फिरवावं लागतं, पंपांची वीज वाढते, नळ अपुरे पडतात.

गॅस किंवा कोळशाच्या बॉयलरला हा ढिसाळपणा खपून जायचा. अक्षय ऊर्जेला तो खपत नाही. हीट पंपाला जितक्या वरच्या तापमानाला पाणी न्यावं लागेल तितकी वीज जास्त लागते. उन्हावर पाणी तापवणाऱ्या सूर्यसंग्राहकात आधीच गरम पाणी शिरलं तर तो बरीच ऊब हवेतच घालवतो. लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरातली वाफ थंड करून जादा उष्णता मिळवतात, तीही परतीचं पाणी पुरेसं गार असेल तरच. साठवणटाकीचंही तसंच : तळाचं पाणी कोमट असेल, तर त्याच टाकीत कमी उष्णता मावते. चार वेगवेगळी यंत्रं, आणि चौघांचंही मागणं एकच : परतीचं पाणी गार हवं.

एरो बेटावरचं मार्स्टाल हे याचं चांगलं उदाहरण. दीड हजाराच्या आसपास ग्राहक, 33,300 चौरस मीटर सूर्यसंग्राहक आणि 75,000 घनमीटरचा साठवणखड्डा. खड्डाच, हो. जमीन खणायची, प्लॅस्टिकचं जाड अस्तर घालायचं, पाण्याने भरायचा आणि वर उष्णतारोधक झाकण तरंगत ठेवायचं. उन्हाळ्यातलं ऊन त्यात मुरवायचं आणि थंडीत काढायचं. सोबतीला चिपांचा बॉयलर आणि हीट पंप. जमलं तर एकदा जाऊन या.

तळघरात काय दिसतं ते सांगतो. लाल विटांचं जुनं घर, ऐंशीच्या पुढच्या आजीबाई. मीटरवर परतीचं तापमान 56 अंश. वर गेलो तर बैठकीतला एकच रेडिएटर पूर्ण उघडा, खालपासून वरपर्यंत चटका बसेल इतका तापलेला. बाकी सगळे बंद. आजींच्या मते ही काटकसर. खरं तर एकट्या रेडिएटरला अख्खं घर तापवायला लावलं की पाणी त्यातून धावत सुटतं आणि गरमच परत जातं. सगळे रेडिएटर थोडे थोडे उघडायला सांगितले. मग दुसरीच शंका आली : ‘अरे, आता हे खालून गार लागतायत, बिघडले का?’ वर गरम आणि खाली गार लागला तर रेडिएटर उत्तम चाललाय. हे वाक्य डॅनिशमध्ये आधी पाठ करा, ते रोज लागतं. बऱ्याच कंपन्या गरम पाणी परत पाठवणाऱ्याला बिलात जादा आकार लावतात आणि गार पाठवणाऱ्याला सूट देतात, त्यामुळे लोक ऐकूनही घेतात.

बाकीचे नेहमीचे गुन्हेगार : अडकलेला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, क्षार साठलेलं हीट एक्स्चेंजर (एका पाण्याची उष्णता दुसऱ्या पाण्याला देणारं उपकरण), उन्हाळ्यात उघडा राहिलेला बायपास (पाणी उष्णता न देताच परत जाण्याची आडवाट). पाठवायचं तापमान मात्र मनाला येईल तेवढं खाली आणता येत नाही. नळाच्या गरम पाण्यात लेजिओनेला हे रोगजंतू वाढू नयेत म्हणून ते पुरेसं तापवावंच लागतं. घरातल्या गरम पाण्याच्या टाकीऐवजी लागेल तेव्हा तापवणारं एक्स्चेंजर बसवलं की हा पेच बराच सुटतो.

रस्ता खणला असेल तर थांबून बघा. आत पोलादी नळ, भोवती पॉलियुरेथेनचा फेस, बाहेर काळं प्लॅस्टिक. फेसात दोन बारीक तारा असतात. कुठे ओल शिरली की त्यांच्यावरून जागा कळते. सांधा नीट झाला नाही तर काही वर्षांनी तिथेच खणावं लागतं, म्हणून जोडारी माणसाशी दोस्ती ठेवा. तो सल्लागारांपेक्षा खरं बोलतो.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. ऑल्बोर्ग विद्यापीठात शाश्वत ऊर्जा नियोजनाचा एम.एस्सी. आहे, डी.टी.यू.मध्ये (डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठात) शाश्वत ऊर्जेचा. युरोपाबाहेरच्यांना फी भरावी लागते, तेव्हा कर्जाचं गणित आधी मांडा. ऑल्बोर्गला दर सत्रात गटाने प्रकल्प करायचा असतो. पाठांतरावर मार्क काढलेल्यांना पहिले काही महिने जड जातात. त्याच विद्यापीठाचं एनर्जीप्लॅन हे ऊर्जा नियोजनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घरबसल्या आत्ताच शिकता येईल. पण एक्सेलमध्ये तासागणिक मीटरच्या नोंदी साफ करता येणं त्याहून जास्त उपयोगी पडतं. आणि साहेबाला ‘सर’ म्हणू नका, इथे सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारतात.

नोकऱ्या आहेत का? आहेत. 2022 च्या गॅसटंचाईनंतर नगरपालिकांनी गॅसवरच्या घरांना पत्रं धाडली : तुमच्या भागात डिस्ट्रिक्ट हीटिंग येणार की नाही. जोडणीची सक्ती नाही, त्यामुळे पुरेशी घरं हो म्हणेपर्यंत खोदाई सुरू होत नाही. दारोदार जाऊन समजावणारी, गल्लीगल्लीचा हिशेब मांडणारी माणसं लागतात, आणि ती डॅनिश बोलणारी लागतात. इंग्रजीवर भागतं ते मोठ्या सल्लागार संस्थांत आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत.

भारतात परत जायचं मनात असेल तर थंडाव्याकडे बघा. कोपनहेगनमध्ये 2010 पासून बंदराच्या पाण्याची मदत घेऊन थंड पाणी इमारतींना पुरवतात. गारठ्याच्या महिन्यांत समुद्रच बहुतेक काम करतो. आपल्याकडे गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत केंद्रीय शीतकरण चालू आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भारतात ज्या शहरांची पाहणी केली त्यांत ठाणे आणि पुणेही होते. मुंबईचा समुद्र कोपनहेगनइतका गार नाही, तेव्हा ती युक्ती तशीच उचलता येणार नाही. तापमानाच्या फरकाचं दुखणं मात्र तेच, फक्त उलटं : थंड पाणी इमारतीतून पुरेसं कोमट होऊन परत यायला हवं. अनेक ठिकाणी ते 7 अंशांनी जातं आणि 12 ऐवजी 9–10 ला परततं, मग चिलर (पाणी गार करणारं यंत्र) अर्ध्या भारावर चालू आणि पंप मात्र पूर्ण वेगात.

अर्ज करण्याआधी ओळखीच्या एखाद्या हॉस्पिटलच्या किंवा ऑफिसच्या प्लांट रूममध्ये परवानगी काढून जा. ऑपरेटरच्या वहीतले जातं-येतं तापमान आणि प्रवाह यांचे आकडे उतरवून घ्या, आलेख काढा, आणि फरक कुठे व का घसरतो ते दोन पानांत लिहा. अर्जांच्या ढिगात अशी दोन पानं असलेला अर्ज मी आधी उघडतो.