ओल कुठे हवी, कुठे नको: वस्तीतला सुका कचरा आणि बागेचा पालापाचोळा

वस्तीतली कचरा वेगळा करायची योजना बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. ओल नको तिथे शिरते आणि हवी तिथे पोचत नाही. रद्दी भिजते, पाचोळा कोरडा राहतो. भिजलेला पुठ्ठा घेणारा परत करतो, कोरडा पाचोळा वर्षभर होता तसाच पडून राहतो, आणि चार महिन्यांत सगळी घरं पुन्हा एकाच डब्यावर येतात. पुढची पद्धत २०-२५ घरांपासून शंभरेक घरांपर्यंत चालते. वस्ती त्याहून मोठी असेल तर गल्लीगणिक वेगळा गट करा.

आधी घेणारा, मग डबे

सुरुवात रंगीत डबे आणण्यापासून करू नका. सुका माल उचलणाऱ्याला आधी गाठा आणि विचारून लिहून घ्या: कोणता माल चालतो, कोणता अजिबात नको, सुटा हवा की गठ्ठे बांधून, किमान किती किलो साठल्यावर गाडी येईल. बाटल्या चपट्या करून दिल्या तर चालतील का, हेही विचाराच. हाताने निवड होत असेल तर चपटी बाटली बरी, जागा कमी लागते. काही यंत्रं मात्र सपाट आणि फुगीर वस्तू अशीच विभागणी करतात, आणि चपटी बाटली तिथे सरळ कागदाबरोबर जाते.

ज्या मालाला घेणारा नाही तो ‘पुढे बघू’ म्हणून साठवायचा नाही. फोमचे तुकडे आणि चकचकीत बहुपदरी पाकिटं एकदा कोपऱ्यात शिरली की निघत नाहीत.

सुका माल खरंच सुका असू दे

घरात कागद एका पिशवीत, बाटल्या-डबे दुसऱ्या पिशवीत, काच वेगळ्या खोक्यात. कागद वेगळा ठेवायचा तो बाटल्यांमुळे. ‘रिकाम्या’ बाटलीतही दोन-तीन चमचे पाणी असतंच, आणि बंद पिशवीत तेवढं पाणी रद्दीला बुरशी आणायला पुरतं.

कागदाच्या दोन चाचण्या हाताशी ठेवा. कागद हळूहळू फाडून बघा. फाटलेल्या कडेला पातळ, ताणली जाणारी पापुद्र्यासारखी फिल्म दिसली तर तो साध्या रद्दीत जात नाही. पेयाचे कागदी कप बहुतेक याच जातीचे. दुसरी चाचणी पावत्यांची. गुळगुळीत पावतीवर नखाने जोरात रेघ ओढा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेवर छापणारा कागद आहे आणि त्याच्या लेपात रसायनं असतात. तो रद्दीतही नको, खतातही नको. तेल मुरलेला पुठ्ठाही बाजूला काढा, कारण लगदा करताना तेल तंतूंना चिकटून राहतं. खोक्याचा फक्त तळ तेलकट असेल तर झाकण फाडून घ्या, ते चालतं.

बाटल्या-डबे भांडी घासून उरलेल्या पाण्यात विसळले तरी पुरे. चकचकीत करण्यात पाणी घालवू नका. खरकटं निघालं आणि बोटाला चिकट लागत नाही, एवढं बस. मग तासभर तरी उपडे ठेवून निथळू द्या. ही उपडं ठेवायची पायरी सगळेच गाळतात, आणि वास, चिलटं, मुंग्या तिथूनच सुरू होतात.

प्लास्टिकवरच्या त्रिकोणातल्या आकड्याबद्दल गैरसमज फार. १ ते ७ हे आकडे १९८८ पासून वापरात आहेत आणि ते फक्त प्लास्टिकची जात सांगतात, वस्तूवर पुनर्प्रक्रिया होईलच असं सांगत नाहीत. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे बाकीचं सगळं. साधारणपणे १, २ आणि ५ यांना घेणारा सहज मिळतो. आकडा पुसला गेला असेल तर नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाका, पाण्यात साबणाचा एक थेंब घाला म्हणजे हवेचे बुडबुडे तुकड्याला धरून ठेवणार नाहीत. एचडीपीई, एलडीपीई, पीपी तरंगतात. पेट आणि पीव्हीसी बुडतात. बाटलीला बूच तसंच राहिलं तरी बहुतेक ठिकाणी चालतं ते याचमुळे. बाटलीचा चुरा करून पाण्यात सोडला की पेट तळाला जातं आणि बुचाचं प्लास्टिक वर येतं. पीव्हीसीची बाटली पेटमध्ये गेली तर मात्र घोटाळा होतो. पेट वितळवायच्या तापमानाला पीव्हीसी जळून आम्ल सोडतं आणि आख्खा माल पिवळट, ठिसूळ होतो.

धातू ओळखायला चुंबक पुरतो. चिकटला तर पत्रा, नाही चिकटला आणि वजनाला हलका असेल तर बहुधा अॅल्युमिनियम. चंदेरी कागद मुठीत चुरगळा. चुरगळलेलाच राहिला तर फॉइल, पुन्हा उलगडला तर प्लास्टिक. फॉइलचे तुकडे एकत्र दाबून मुठीएवढा गोळा करा, सुटे तुकडे चाळणीतून गळून जातात.

काचेत फक्त बाटल्या आणि बरण्या. आरसा, खिडकीची काच, ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी आणि चिनीमाती यांतलं काहीही त्यात नको. बाटलीची काच ज्या तापमानाला वितळते त्याला चिनीमाती वितळत नाही. ती खड्यासारखी नव्या बाटलीच्या अंगात राहते आणि बाटली तिथेच तडकते.

बॅटऱ्या सुक्या मालात कधीच नकोत. लिथियम बॅटरी दाबली गेली की पेट घेते, आणि कागदाच्या गठ्ठ्यात लागलेली ती आग लवकर विझत नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, धातूचा नसलेल्या झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवा. फुगलेली बॅटरी डब्यात न टाकता वाळू भरलेल्या भांड्यात, घराबाहेर.

उचलण्याचा दिवस

सुका माल पंधरवड्यातून एकदा उचलला तरी चालतो. बागेचा माल आठवड्यातून एकदा, आणि कापलेलं ओलं गवत त्याच दिवशी. पोती सुतळीने बांधलेली, १५ किलोच्या आत. त्याहून जड पोतं उचलणाऱ्याची कंबर धरतं आणि तळातून फाटतं. फांद्या एक ते सव्वा मीटर लांबीच्या, जुडी करून सुतळीनेच बांधलेल्या. नायलॉनची दोरी आणि तार चालणार नाही हे आधीच सांगून ठेवा.

चुकीचं पोतं आलं तर गुपचूप निवडून घेऊ नका. काय चुकलं त्याची चिठ्ठी लावून दारात परत ठेवा. आठवडाभर कटकट होते, पण निवडायचं काम स्वयंसेवकांच्या गळ्यात पडलं की स्वयंसेवकच उरत नाहीत. एका वहीत तारीख, घर क्रमांक, वजन आणि परत केलेली पोती एवढे चारच रकाने ठेवा. जास्त रकाने कुणी भरत नाही.

पालापाचोळा: इथे पाणी लागतं

बागेतून आलेलं पोतं थेट खताच्या ढिगावर ओतायचं नाही. आधी ताडपत्रीवर पसरा, अर्धा मिनिट पुरे. पाचोळ्याखाली नेमक्या त्याच त्या वस्तू निघतात: रोपाची काळी पिशवी, कुंडीचा तुकडा, बांधायची तार, खडे, एखादी हरवलेली कात्री. तार फांद्यांचे तुकडे करायच्या यंत्राच्या पात्याची धार घालवते आणि प्लास्टिकची पिशवी खतात तुकडे तुकडे होऊन वर्षानुवर्षं दिसत राहते. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्या आणि कपही ढिगात घालू नका. त्या बहुधा पीएलए या वनस्पतींपासून केलेल्या प्लास्टिकच्या असतात, आणि त्याला कुजायला साधारण ६० अंशांची उष्णता बराच काळ लागते, ती वस्तीच्या ढिगात टिकत नाही.

याच ताडपत्रीवर आणखी चार गोष्टी बाजूला काढा: बी धरलेलं तण, लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळं, रोगट झाडं, रंगवलेलं किंवा रसायन लावलेलं लाकूड. ढिगाच्या मध्यावरच्या उष्णतेत बी मरतं, पण कडेला पडलेलं वाचतं, आणि लव्हाळा तर खतातून थेट सगळ्यांच्या वाफ्यात जातो.

ढिगाचा आकार किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच. त्याहून लहान ढीग आतून तापत नाही, उष्णता बाहेर निघून जाते. फार उंचही नको. दीड मीटरच्या वर गेला की वजनाने खालचा थर दबतो आणि हवा कोंडते. माल जास्त असेल तर उंची न वाढवता ढीग लांबवा. शेजारी शेजारी तीन जागा धरा, एक भरायची, एक शिजायची, एक मुरायची.

तळाला १५ सेंटीमीटर जाड काटक्या, म्हणजे खालून हवा येते. त्यावर १५-२० सेंटीमीटर सुका पाचोळा, त्यावर ५-७ सेंटीमीटर हिरवं, म्हणजे गवत, कोवळी छाटणी, भाजीची देठं-सालं. मापाने साधारण तीन भाग सुकं, एक भाग हिरवं. सूक्ष्मजीवांना कार्बन आणि नायट्रोजन २५-३० ला १ या प्रमाणात लागतात. ओल्या गवतात हे प्रमाण २०च्या खाली असतं, सुक्या पानांत ४० ते ८०, आणि लाकडाच्या भुश्यात कित्येक शेकडे. म्हणून भुसा मूठभरच. प्रत्येक दोन थरांवर तयार खताच्या किंवा चांगल्या मातीच्या दोन-तीन मुठी भुरभुरवा.

आता पाणी. बहुतेक जण ढीग पूर्ण रचतात आणि मग वरून नळी सोडतात. पाणी दिसतं, पान ओलं दिसतं, समाधान होतं. दुसऱ्या दिवशी वरची चार बोटं जाडीची थप्पी उचला. खालचं पान कुरकुरीत, हातात मोडणारं, अगदी काल होतं तसं. सुकी पानं एकमेकांवर कौलांसारखी बसतात आणि पाणी कडेने खाली सोडतात. त्यामुळे रचतानाच प्रत्येक थर भिजवायचा आणि फावड्याने हलवायचा. पाचोळा पूर्ण सुका असेल तर एक घनमीटर ढिगाला ८०-१०० लिटर पाणी सहज मुरतं, आंघोळीचं वापरलेलं पाणीही चालतं. ओल बरोबर आहे का ते मुठीने ठरवा. मधला मूठभर माल घट्ट पिळा, एक-दोन थेंब बोटांतून यावेत. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच माल विस्कटला तर कमी.

फांद्यांसाठी तुकडे करायचं यंत्र असेल तर ओल्या फांद्याच घाला, वाळलेल्या पात्याला जड जातात. ताडाच्या जातीची पानं तंतुमय असल्याने पात्याच्या दांड्याला गुंडाळतात. ती कोयत्याने हातभर तोडून वेगळी साठवा. यंत्रात ढकलायला काठी, डोळ्यांना चष्मा, अंगात सैल बाह्या नकोत. अडकलं तर आधी प्लग काढा, मग हात लावा. फक्त बटण बंद करून हात घातल्यामुळेच बोटं जातात.

ढीग बरोबर रचला तर दोन-तीन दिवसांत मध्यावर ५५-६५ अंश होतो. लांब दांड्याचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढून हात लावा. धरवत नसेल तर काम चाललंय. ७०च्या वर जाऊ देऊ नका, उपयोगी जिवाणूही मरतात, लगेच उलथा. एरवी उष्णता उतरू लागली की, साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी, पहिली उलथापालथ. उलथताना बाहेरचं आत आणि आतलं बाहेर गेलं पाहिजे, नुसतं जागेवर ढवळून उपयोग नाही. त्यानंतर आठवड्याने एकदा, असं तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी मूठ पिळून पाहा आणि लागेल तसं पाणी द्या.

बिघाड नाकाने कळतो. अमोनियाचा झोंबणारा वास आला तर हिरवं जास्त झालं, सुका पाचोळा मिसळा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. बहुधा ओल्या गवताचा जाड थर चिखलासारखा बसलेला असतो. तो फोडा, काटक्या घाला. वास नाही, उष्णता नाही आणि मुंग्यांनी घर केलंय, तर ढीग कोरडा पडलाय. पाऊस लागत असेल तर ताडपत्री वरच टाका, चारी बाजू उघड्या ठेवा.

उलथायला माणसं मिळत नसतील तर हा सगळा खटाटोप सोडा आणि जाळीचा मीटरभर रुंद पिंजरा करून त्यात फक्त भिजवलेला पाचोळा दाबून भरा. तो तापत नाही, उलथायचा नाही, अधूनमधून पाणी तेवढं द्यायचं. दीड-दोन वर्षांत काळीभोर पानमाती होते. पानं आधी बारीक केली तर लवकर. थकलेल्या गटाला हाच मार्ग झेपतो.

तापून गार झालेलं खत लगेच वाटू नका, सहा-आठ आठवडे मुरू द्या. मग ओलसर ओंजळभर खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून वेळ द्या, पावसाच्या मातीसारखा आला तर झालं. वस्तीत कुणी हिरवळीवर तणनाशक मारत असेल तर आणखी एक चाचणी हवी, कारण क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशकं खत होऊनही शिल्लक राहतात. तीन कुंड्यांत खत मिसळलेली माती, तीन कुंड्यांत साधी माती, सगळ्यांत घेवड्याचं बी. खताच्या कुंडीतली नवी पानं वाटीसारखी वळली, देठ पिळवटले, तर ते खत भाजीच्या वाफ्यात घालू नका आणि ते गवत पुढच्या वेळी घेऊ नका.

शेवटी दहा मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. खाली पडतं ते घरोघरी. वर उरलेल्या अर्धवट काटक्या फेकू नका, नव्या ढिगाच्या तळाला त्याच पसरा, त्यांच्यावर जिवाणू आधीच बसलेले असतात.