समुद्राजवळच्या घरासाठी हीट पंप घेताय? आधी कॉइल बघा, लिटर नंतर

थंड देशांत हीट पंप घर उबदार ठेवायला लावतात. आपल्याकडे कोकणात घर तापवायची वेळ कोणावर येत नाही, पण आंघोळीला गरम पाणी बारा महिने लागतं, आणि पाहुण्यांना खोल्या द्यायला लागलात की सकाळी सात ते नऊ सगळे नळ एकदमच सुटतात. आमचं घर गुहागरकडे, समुद्रापासून दोनेकशे मीटरवर. न्हाणीत तांब्याचा बंब, जाळायला आगरातली सोडणं नि चुडतं, घरच्यांचं त्यात छान भागायचं. दोन खोल्या काढल्या तेव्हा हीट पंप घेतला, तो दोन पावसाळ्यांत गेला, आता दुसरा नीट चाललाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

काम कसं करतो ते आधी. एसीचा बाहेरचा डबा गरम हवा फेकतो ना, तसंच हे, फक्त इथे कॉइलने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पात्या लावलेल्या तांब्याच्या नळीने, उष्णता बाहेरच्या हवेतून ओढून टाकीतल्या पाण्यात सोडायची. वीज पाणी तापवायला जात नाही, कॉम्प्रेसर नि पंखा फिरवायला जाते, त्यामुळे १ युनिट विजेत साधारण ३ युनिटांइतकी उष्णता मिळते, यालाच सीओपी म्हणतात. हवा जितकी उबदार नि दमट तितकं याला बरं. म्हणजे आपली हवा याच्यासाठीच केल्यासारखी आहे, किनाऱ्यावर थंडीतसुद्धा पहाटेचं तापमान सहसा १५ अंशांखाली जात नाही, आणि जून ते सप्टेंबर सोलर झोपलेला असतो तेव्हाही हा चालतो. म्हणून दुकानदार सीओपी ३.८ की ४.२ यावर अर्धा तास बोलायला लागला तर ऐकून घ्या, पण निर्णय त्यावर करू नका.

आता घ्यायचा की नाही, याचा हिशोब. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला गिझरला साधारण ७ युनिट लागतात, हीट पंपाला सव्वादोन ते अडीच. रोजचे साडेचार युनिट वाचले, ते तुमच्या बिलावरच्या दराने गुणा आणि किंमत किती वर्षांत निघते बघा. पण घरात चार माणसं आणि सगळे बादलीने आंघोळ करणारे असतील तर २० लिटरच्या बादलीत कडक पाणी जेमतेम १० लिटर पडतं, दिवसाला ४०-५० लिटर, म्हणजे वाचणार एक-सव्वा युनिट. अशा घराने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, साधा गिझर पुरे. शॉवरवाले पाहुणे असतील तर माणशी २०-२५ लिटर कडक पाणी धरा, आठ माणसांना २०० लिटरची टाकी. आणि हा गिझरसारखा दहा मिनिटांत तापवत नाही, २०० लिटरला दोन-तीन तास घेतो, आम्ही टायमर पहाटे चारला लावतो.

खरा प्रश्न खाऱ्या वाऱ्याचा. पहिला पंप घेताना विकणाऱ्याने कॉइलबद्दल अवाक्षर काढलं नाही आणि मीही विचारलं नाही, बसवला तोही समुद्राकडच्या भिंतीला, मोकळी हवा मिळेल म्हणून. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जाळी उघडली तर ॲल्युमिनियमच्या पात्या बोट लावलं की पांढऱ्या पिठासारख्या झडत होत्या, आतली तांब्याची नळी हिरवी पडलेली. तांबं नि ॲल्युमिनियम चिकटून असले आणि वर मिठाचा ओलावा बसला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे मेकॅनिकने नंतर सांगितलं. तेव्हा पात्यांवर कसलं कोटिंग आहे ते विचाराच. नुसता निळा रंग बघून हुरळू नका, तो बरेचदा पाणी चटकन निथळावं म्हणून असतो, खाऱ्या हवेसाठीचं इपॉक्सी कोटिंग आहे असं बिलावर लिहून घ्या. डबा पावडर कोटेड, स्क्रू सगळे स्टेनलेस.

टाकीचंही तसंच. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि खाऱ्या पाण्याने साध्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही बारीक भोकं पडतात. ३१६ स्टीलची टाकी घ्या, नाहीतर आतून काचेचा मुलामा असलेली, जिच्यात मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो रॉड टाकीच्या वाटचं गंजणं स्वतःवर घेतो, म्हणून दर वर्षी काढून बघायचा आणि झिजला असला की बदलायचा.

जागा मागील दारी, वाऱ्याच्या आडोशाला, पण कोंदट नको, बंद खोलीत ठेवलात तर स्वतःचीच थंड हवा परत ओढतो. आम्ही चिऱ्याचा फूटभर उंच ओटा बांधला, पागोळ्यांखालून बाहेर काढला, आणि बोल्ट थेट ओट्यात ठोकले. पावसात खालून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी गळतं, ते लीक नाही, हवेतलं पाणी आहे, त्याला नळी लावून माडाच्या मुळाशी सोडा. पाऊस संपला की दर पंधरा दिवसांनी पात्यांवर गोड्या पाण्याची हलकी धार मारायची, प्रेशर नको, पात्या वाकतात.

व्होल्टेज कमी असेल तर गिझर नुसता हळू तापतो, कॉम्प्रेसर जळतो. स्टॅबिलायझर लावाच. आणि मेकॅनिक कुठून येणार ते पैसे देण्याआधी विचारा, मुंबईहून म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

बंब मात्र मोडीत घालू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. आमचा बंब न्हाणीत जागच्या जागी आहे, मे संपता संपता आमसुलाच्या पाण्याने घासून, चार पोती सोडणं पडवीत रचून ठेवतो.