दुपदरी रस्त्यावर पुढची गाडी सुरक्षितपणे कशी ओलांडावी

निपाणी-संकेश्वर-बेळगाव हा राष्ट्रीय महामार्ग ४८ सोडून आत वळलो, की दुभाजक संपतो. बाची-शिनोळीवरून जाणारा वेंगुर्ला रस्ता घ्या, नाहीतर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा. बहुतेक ठिकाणी जायला एक पदर, यायला एक. इथे ओव्हरटेक करताना आपण समोरून येणाऱ्याच्या वाट्याच्या रस्त्यावर जातो. म्हणून बाहेर पडण्याआधीच परत डावीकडे कुठे शिरणार, ती जागा हेरून ठेवा. ती दिसत नसेल तर निघू नका.

आधी हिशेब. ट्रक ताशी ४० ने चाललाय, तुम्ही ६० ने. फरक सेकंदाला जेमतेम साडेपाच मीटर. ट्रकची लांबी आणि मागचे-पुढचे अंतर धरून त्याच्यापेक्षा ५५ मीटर जास्त कापावे लागतात, म्हणजे १० सेकंद. तेवढ्यात तुम्ही सुमारे १६७ मीटर जाता आणि समोरून ६० ने येणारा तितकाच जवळ येतो. निदान ४०० मीटर रस्ता मोकळा दिसायलाच हवा.

१. ट्रकच्या बुडाला चिकटू नका. तीन सेकंदांचे अंतर ठेवलेत तर पुढचे दिसते, वेग घ्यायलाही जागा मिळते.

२. मधली रेघ पाहा. तुमच्या बाजूची रेघ अखंड असेल तर थांबा. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, गावातला फाटा इथे रेघ पुसलेली असली तरी थांबाच.

३. उजवा आरसा पाहा, मग मान वळवून पाहा. मागची दुचाकी आधीच निघालेली असू शकते.

४. उजवा इंडिकेटर, हॉर्न, रात्री डिपर. एक गिअर खाली घ्या आणि न रेंगाळता पुढे काढा. ओलांडलेली गाडी आतल्या आरशात पूर्ण दिसली, की डावा इंडिकेटर देऊन आत या.

५. शेजारी पोचण्याआधी समोर गाडी दिसली तर ब्रेक दाबून मागे या. यात कमीपणा काही नाही.

पुढची कार निघाली म्हणून तिच्यामागोमाग कधीही निघू नका. तिने पाहिलेली जागा तिच्यापुरती होती, आणि तिच्याआडून तुम्हाला समोरचे काहीच दिसत नाही.

ट्रकवाल्याच्या उजव्या इंडिकेटरवरही विसंबू नका. कोणी तो ‘जा पुढे’ म्हणून देतो, कोणी खरेच उजवीकडे वळणार असतो. हाताने खूण केली तरी त्याला दिसते ते त्याच्या जागेवरून. आपल्या डोळ्यांनी रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागेच राहा.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची खरी काळजी घ्यावी लागते. मागे दोन-दोन ट्रॉल्या, मोळ्या बाहेर आलेल्या, मागचे दिवे झाकलेले, अनेकदा रिफ्लेक्टरही नाही. इंजिनाच्या आवाजात चालकाला तुमचा हॉर्न ऐकू येईलच असे नाही, आणि मागची ट्रॉली डोलत असते. शेताकडे किंवा कारखान्याकडे तो अचानक उजवीकडे वळतो. म्हणून जवळ फाटा किंवा बांधाची वाट नाही ना, ते पाहा आणि बाजूने जाताना भरपूर अंतर सोडा. ट्रॅक्टरांची रांग असेल तर एकेक ओलांडा. दोघांमध्ये शिरायला जागा नसेल तर मागेच थांबा. रात्री मागच्या ट्रॉलीचे टोक दिसत नाही, तेव्हा वेग आधीच कमी ठेवा.

पावसाळ्यात चोर्ल्याच्या वळणांवर धुके उतरले, की ओव्हरटेकचा विचारच सोडा.

कोणी तुम्हाला ओलांडत असेल तर वेग वाढवू नका. डावीकडे सरका, पण डांबराची कड सोडू नका. पावसात साईडपट्टी खचलेली असते. समोरून कोणी येताना दिसले तर ब्रेक दाबा आणि ओलांडणाऱ्याला तुमच्यापुढे आत येऊ द्या.