आतड्यातल्या बॅक्टेरियांसाठी व्यायाम करायचाय? मग सहा आठवडे धरून चला

दही खा, प्रोबायोटिक घ्या हे सगळेच सांगतात, पण खाणं तेच ठेवून नुसत्या व्यायामानेही आतड्यातले बॅक्टेरिया बदलतात हे फार कमी लोकांना माहितीय. 2018 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा एक अभ्यास आला, त्यात 32 बैठ्या लोकांना सहा आठवडे व्यायाम करायला लावला, जेवण नेहमीचंच, आणि ब्युटिरेट बनवणारे बॅक्टेरिया वाढले, बारीक लोकांत जास्त आणि लठ्ठ लोकांत कमी. ब्युटिरेट म्हणजे फायबर आंबवून बॅक्टेरिया जे फॅटी अ‍ॅसिड बनवतात ते, मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधनच ते.

आता करायचं काय, तर त्यांनी जे केलं साधारण तेच. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला 30 मिनिटं, मग हळूहळू वाढवत 60 मिनिटांपर्यंत. भरभर चालणं, पळणं, सायकल, काहीही चालेल, फक्त दम लागला पाहिजे. किती दम? बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इथून सुरू करा. आकड्यातच हवं असेल तर 220 मधून वय वजा करा, त्यातून सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी वजा करा, जे उरेल त्याचे 60 टक्के काढून परत त्यात ती सकाळची नाडी मिळवा. वय 40 आणि नाडी 70 असेल तर 136 येतं, हा पहिल्या आठवड्याचा आकडा, शेवटी 75 टक्क्यांवर जायचं म्हणजे 152 च्या आसपास. (220 वालं गणित ढोबळ आहे हां, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी राहते, त्यांनी आणि हार्टचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.)

लोक चुकतात ते इथे, की जास्त केलं तर जास्त फायदा. खूप जोरात आणि खूप वेळ व्यायाम केला की रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं, आतड्याला कमी पडतं, अस्तर तात्पुरतं सैल होतं आणि जे आत राहायला हवं ते थोडं रक्तात झिरपतं, उन्हात तर हे अजून वाढतं. लांब पळणाऱ्यांना मधेच पोटात कळ येते किंवा टॉयलेट शोधावं लागतं त्यामागे हेही एक कारण. पळायच्या आधी पेनकिलर घ्यायची सवय असेल तर ती सोडा, आयबुप्रोफेनने हे नुकसान आणखी वाढतं.

खाण्याचं थोडक्यात. बॅक्टेरियांना आंबवायला फायबर मिळालं नाही तर ब्युटिरेट येणार कुठून, तेव्हा भाज्या, फळं, डाळी, अख्खी धान्यं, दिवसाला 25 ग्रॅम तरी फायबर पोटात जाऊ दे. पण एकदम वाढवू नका, गॅसने जीव नकोसा होईल, आणि व्यायामाच्या लगेच आधी तर फायबर नकोच.

2019 ला व्हेलोनेला नावाच्या बॅक्टेरियाची बरीच चर्चा झाली होती. बोस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंमध्ये तो वाढलेला दिसला, स्नायूंतून येणारं लॅक्टेट तो खातो आणि त्याचं प्रोपिओनेट (ब्युटिरेटसारखंच एक फॅटी अ‍ॅसिड) बनवतो, उंदरांना दिला तर ते 13 टक्के जास्त वेळ पळाले. भारी आहे, पण उंदीर ते उंदीर, त्यावरून कुणी पळायची कॅप्सूल विकत असेल तर पैसे बुटांवर घालवा.

आतड्यातले बॅक्टेरिया बघायला महागडी स्टूल टेस्ट पण करत बसू नका, आज आणि पुढच्या आठवड्यात रिपोर्ट तसेही वेगळे येतील. त्यापेक्षा पोट कसं साफ होतंय ते बघा, चालण्या-पळण्याने बऱ्याच जणांचा बद्धकोष्ठ कमी होतो. मलात रक्त दिसलं तर मात्र व्यायामाच्या माथी मारून गप्प बसू नका, दाखवून या.

आणि सहा आठवडे झाले की थांबायचं नाही, कारण त्याच अभ्यासात पुढचे सहा आठवडे लोकांना परत बसवून ठेवलं तर झालेले बदल बहुतेक सगळे उलटे फिरले. आजारपणाने खंड पडला तर पुन्हा 30 मिनिटांपासून, 60 टक्क्यांवरूनच सुरू करा.