शनिवारच्या खेळाआधी: दुसरं मॉन्स्टर बुक उघडताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत टेबलाभोवती रंगवायची गोष्ट. ती चालवणाऱ्याने राक्षसांचं जादा पुस्तक कधी आणि कसं वापरावं, त्याची ही यादी. सगळ्यात आधी ग्रुपवर विचारून घ्या, शनिवारी नक्की कोण कोण येतंय. चार जण की सहा, यावर पुढचं गणित ठरतं. 'बघतो, कळवतो' म्हणणाऱ्याला येत नाही असंच धरा.

मग पहिल्या पुस्तकातला, म्हणजे 'मॉन्स्टर मॅन्युअल' या राक्षसांच्या मूळ पुस्तकातला, दम संपलाय का ते तपासा. मागच्या वेळी ट्रोल दिसताच कुणी काही न विचारता मशाली पेटवल्या का? 2014 च्या नियमांतला ट्रोल दर फेरीला 10 हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, भरून काढतो आणि आग किंवा ॲसिड लागलं तरच ते थांबतं, हे 'मॉन्स्टर मॅन्युअल' चाळलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पात्राला हे ठाऊक नसायला हवं, पण खेळाडूला ते विसरून खेळायला लावणं म्हणजे कोडं सुटल्यावर पुन्हा घालण्यासारखं आहे. असं टेबल असेल तर जादा पुस्तकाचे पैसे वसूल. 2018 च्या 'मॉर्डेनकाइनेन्स टोम ऑफ फोज'मध्ये स्पिरिट ट्रोल आहे. त्याला आगीचं सोयरसुतक नाही. त्याचं भरून येणं सायकिक किंवा फोर्स जातीच्या माऱ्यानेच अडतं. मशाली पेटतात, दोन फेऱ्या जातात आणि कुणीतरी म्हणतं, "अरे, हा मरत का नाहीये?" मी पुस्तक घेतो ते या प्रश्नासाठी. फक्त त्याचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो किती भारी ते सांगणारा आकडा, 11 आहे; तिसऱ्या लेव्हलच्या कच्च्या पात्रांवर त्याला सोडू नका.

मंडळी नवीन असतील, त्यांनी अजून साधा ओगर, म्हणजे मठ्ठ दांडगा राक्षसही पाहिला नसेल, तर खरेदी खुशाल पुढे ढकला. जानेवारी 2023 मध्ये एसआरडी 5.1, म्हणजे खेळाच्या मूळ नियमांचा संच, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला. त्यातले राक्षस फुकट आहेत आणि वर्षभर पुरतात.

पुस्तक हातात आल्यावर स्टॅट ब्लॉककडे, म्हणजे राक्षसाच्या आकड्यांच्या चौकटीकडे, लगेच पळू नका, आधी मजकूर वाचा. 2016 च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स'चा पहिला भाग याच कामाचा आहे: हॅग, म्हणजे चेटकिणी, कशा राहतात, कोबोल्ड सापळे कसे लावतात, गोब्लिनांच्या टोळीत कोण कुणाला हाकतो. 2022 च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स'मध्ये आकडे नीट केले, पण ही लांबलचक प्रकरणं गाळली. जुनी प्रत सेकंडहँड मिळाली तर मी तीच घेईन.

पूर्ण पुस्तक वाचायचा मोह टाळा. एका शनिवारला एकच नोंद पुरते. या खेपेला मी ॲनिस हॅग घेतली आहे. ती स्वतःचा लोखंडी दात किंवा नख उपटते आणि मिनिटभर घासून त्याचं नाणं, अंगठी नाहीतर लॉकेट करते. ती वस्तू ज्याच्या हातात असेल त्याला 10 मैलांच्या आत कुठूनही तिच्याशी कुजबुजता येतं. आता गावातल्या एका एकट्या पोराला रस्त्यात एक नाणं सापडलं, असं समजा. पुढचं काही सांगायला हवं का? दोन ओळींत दोन सेशन निघाले. लढाईचे आकडे कुणीही मांडतो. अशी ओळ मात्र रिकाम्या वहीसमोर बसून मला सुचली नसती.

गणित कागदावर करा, अंदाजाने नको. 2014 च्या नियमांत तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी 'कठीण' लढत 900 एक्सपीला (राक्षसांवर लावलेले अनुभवाचे गुण) सुरू होते आणि 'जीवघेणी' 1600 ला. एकटा ओगर 450 चा, म्हणजे सोपा. आठ गोब्लिन बेरजेने 400 चेच, पण संख्येमुळे अडीचपट धरायचे, म्हणजे 1000 झाले. ॲनिस 2300 ची, तेव्हा तिला या चौघांसमोर लढायला उभी करायची नाही. तिने कुजबुजावं, बस्स.

पुस्तक टेबलावर नेऊ नका. पानं उलटण्यात खेळ थंड पडतो, शिवाय चित्र दिसलं की रहस्य गेलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आर्मर क्लास (तिला वार लागणं किती अवघड तो आकडा), हिट पॉइंट, दोन हल्ले, ती कशाला घाबरते आणि कधी पळते, एवढं उतरवा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच बहुतेक जण विसरतात.

नावही सांगू नका, वर्णन करा. मी एकदा हौसेने हॅगला 'हडळ' म्हटलं, तर चौघांनी एका सुरात विचारलं, "पाय उलटे आहेत का?" झालं, ओळख पटली! गंमत म्हणजे आपल्या पुराणकथांमधला राक्षस त्याच नावाने 1977 च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'पासून या खेळात आहे, तोही वाघाचं डोकं आणि हातात पाइप घेऊन. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे तळहातही उलटे झाले.

जादा पुस्तकात भुसा असणार, हे गृहीत धरा. 1981 चं 'फीन्ड फोलिओ' बघा. त्यातले बरेच प्राणी ब्रिटनच्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाच्या सदरातून आलेले. त्यातूनच गिथयांकी नावाचे लढवय्ये मिळाले, जे आजही गाजतात, आणि फ्लंफ नावाचा तरंगता जेलीफिशही मिळाला, ज्याची चेष्टा अजून थांबलेली नाही. चाळणी लावा आणि हळहळू नका.

मिनिएचरवर, म्हणजे टेबलावर मांडायच्या छोट्या मूर्तींवर, खर्च नको. रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर हे प्राणीच मुळात स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचलेले. कॅरमच्या सोंगट्या गोब्लिन, स्ट्रायकर ओगर. फासे, पेन्सिली, चार्जर, चिवडा. चिवड्याला चमचे ठेवा, नाहीतर कॅरेक्टर शीट तेलकट होतात.

निघायच्या आधी एक लोखंडी वॉशर घासून खिशात टाका. खेळ सुरू झाल्यावर तासभर त्याचा उल्लेखही करू नका. मग ज्याचं पात्र त्या पोराशी प्रेमाने बोलेल, त्याच्या तळहातावर तो गुपचूप ठेवा आणि म्हणा, "पोराने तुला हे दिलं. हाताला जरा कोमट लागतंय."