शाळा वाचवणार म्हणतात, पण कागद काय म्हणतो? उमेदवाराची शिक्षणाबद्दलची भूमिका शोधताना या चुका टाळा

निवडणूक लागली की आमच्या कोकणात प्रत्येक उमेदवाराला शाळा आठवते. प्रचाराची गाडी वाडीच्या तिठ्यावर थांबते, भोंग्यातून ‘मराठी शाळा बंद पडू देणार नाही’ ऐकू येतं आणि गाडी पुढच्या वाडीकडे निघते. मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. पटावर चौदा मुलं. गेल्या खेपेला ठरवलं की भोंगा ऐकायचा नाही, कागद बघायचे. पहिले पंधरा दिवस अक्षरशः वाया गेले. कुठे आणि का, ते सांगतो.

शपथपत्रात मतं शोधणं

उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र, म्हणजे नमुना २६, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. सगळे तिथूनच सुरुवात करतात, मीही केली. त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि स्वतःचं शिक्षण असतं. भूमिका नसते. दहावी नापास माणूस शाळेसाठी भांडतो आणि पदव्यांची माळ घातलेला गप्प बसतो, हे कोकणाला नवं नाही.

एक रकाना मात्र वाचण्यासारखा आहे, व्यवसाय आणि उत्पन्नाच्या साधनांचा. उमेदवार स्वतः शिक्षणसंस्थाचालक असेल तर त्याचा धागा कधीकधी इथे सापडतो. नाही सापडला तरी त्या संस्थेचे विश्वस्त कोण, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या नोंदीवरून कळतं. स्वतःची इंग्रजी माध्यमाची शाळा चालवणारा माणूस जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल बोलतो तेव्हा ही नोंद हाताशी असलेली बरी. त्यात गैर काही नाही, फक्त माहीत असावं.

तेव्हा तो कोण होता, हे न बघणं

ही चूक मला सगळ्यात महागात पडली. आमच्या भागातला एक उमेदवार आधी जिल्हा परिषदेत होता, म्हणून मी २०२३ च्या सभांची इतिवृत्तं शोधत बसलो. नावच सापडेना. सापडणार कसं? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सदस्यच नव्हते, तर बोलणार कोण? त्याचं जे काही होतं ते २०१७ ते २०२२ या काळातल्या शिक्षण समितीच्या आणि सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तांत होतं.

मंत्र्यांच्या बाबतीत याची उलटी गंमत होते. सावंतवाडीचे दीपक केसरकर २०२२ ते २०२४ या काळात शालेय शिक्षण मंत्री होते, रत्नागिरीचे उदय सामंत त्याआधी २०२० ते २०२२ उच्च व तंत्रशिक्षण मंत्री होते. त्या वर्षांत यांनी किती प्रश्न विचारले असं मोजायला गेलात तर हाती भोपळा येईल, आणि त्यावरून ‘सभागृहात गप्प’ असा निष्कर्ष काढणं अडाणीपणा ठरेल. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्याची भूमिका उत्तरांत, निवेदनांत आणि खात्याच्या निर्णयांत बघायची.

तारांकित प्रश्न म्हणजे भाषण समजणं

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. ज्या प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो तो तारांकित. खरा माल इथे आहे, पण वाचायची सवय लागते. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘(१) अमुक तालुक्यातील शाळा शिक्षकाविना असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खाली उत्तर येतं: ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३)... (४) प्रश्न उद्भवत नाही.’

पहिल्यांदा वाचताना मी प्रश्नातला मजकूरच सरकारी आकडा म्हणून वहीत उतरवला होता. तो आमदाराचा दावा असतो. सरकार मान्य काय करतं ते उत्तरात बघायचं, आणि ‘अंशतः’ शब्द आला की पेन्सिलीने खूण करायची. नाकारलंय किती आणि कबूल केलंय किती, ते पुढच्या दोन ओळींत लपलेलं असतं.

दुसरं म्हणजे सह्या. एकेका प्रश्नावर आठ-दहा, कधी त्याहून जास्त सदस्यांची नावं असतात, मतदारसंघ कंसात. त्या रांगेत उमेदवाराचं नाव दिसलं म्हणून विषय त्याने लावून धरला असं होत नाही. सभागृहात त्या प्रश्नावर उपप्रश्न कोणी विचारला ते कार्यवाहीत पाहावं. उपप्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ऐकून तिथल्या तिथे बोलावं लागतं. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) आणि अर्धा तास चर्चा यांचंही तेच. आमच्या उमेदवाराचं नाव शिक्षणाच्या अकरा प्रश्नांवर होतं, उपप्रश्न एकच. तोही आमच्या जिल्ह्याबद्दल नव्हता.

आणखी एक सभागृह बघायचं राहून जातं. विधान परिषदेत कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाची स्वतंत्र जागा आहे. शिक्षकांच्या पगाराचे, जुन्या पेन्शनचे, अनुदानाच्या टप्प्यांचे प्रश्न तिथून जास्त येतात. ते प्रश्न शिक्षकांचे असतात, शाळेचे असतीलच असं नाही. दोन्हींची सरमिसळ करू नये.

शासन निर्णयाचं श्रेय फलकावरून ठरवणं

‘यांच्या अथक प्रयत्नांना यश’ असा फलक नाक्यावर लागतो आणि खाली जीआरचा, म्हणजे शासन निर्णयाचा, फोटो असतो. जीआर ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ निघतो, आमदाराचं नाव त्यात शोधूनही सापडायचं नाही. प्रस्तावनेच्या वरचा संदर्भ मात्र वाचा. आधीचे कोणते निर्णय, कोणती पत्रं, हे तिथे असतं. प्रयत्न खरंच कोणाचे होते याचा माग तिथून लागला तर लागतो.

आणि तारीख बघा, हजारदा बघा. पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला सुधारून आला आणि महिनाअखेरीस दोन्ही मागे घेतले गेले. आजही लोक यातला एखादा कागद उचलून ‘बघा, हे यांचं धोरण’ म्हणून पाठवतात. उमेदवार एप्रिलमध्ये काय बोलला आणि जुलैमध्ये काय, हे शेजारी शेजारी ठेवलं तर काहीतरी कळेल. नुसता रद्द झालेला कागद काहीच सांगत नाही. जीआरच्या संकेतांकाची सुरुवात तारखेच्या आकड्यांनी होते, तेवढं बघितलं तरी निम्मा घोळ टळतो.

नाव शोधलं आणि भलताच माणूस हाती लागला

कोकणात अर्धा तालुका एकाच आडनावाचा. नामसाधर्म्याचा खेळ तर आपण पाहिलेला आहे. २०१४ च्या लोकसभेला रायगडात राष्ट्रवादीच्या सुनील तटकरे यांच्याच नावाचे एक अपक्ष उमेदवार होते, त्यांना नऊ हजारांवर मतं पडली आणि अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले. मतपत्रिकेवर होतं ते नोंदींतही होतं. वडिलांचं नाव आणि मतदारसंघ जुळल्याशिवाय कुठलीही नोंद उमेदवाराच्या खात्यात टाकू नका.

काहीच सापडत नसेल तर तीन गोष्टी तपासा. मतदारसंघ तेव्हा होता का? रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा २००९ पासूनची आहे. त्याआधीचं राजापूर किंवा रत्नागिरी नावाखाली मिळेल, मधु दंडवते राजापूरचेच खासदार होते. विधानसभेचे मालवण आणि संगमेश्वर हे मतदारसंघही तेव्हाच गेले. दुसरं, जुन्या पीडीएफ स्कॅन केलेल्या किंवा जुन्या फॉन्टातल्या असतात, त्यात नाव टाइप करून शोध घेतला तर ‘शून्य’ येतं. पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात. तिसरं, ऱ्हस्व-दीर्घ बदलून बघा.

माहिती अधिकारात मत विचारणं

माझा पहिला अर्ज असा होता: ‘कमी पटाच्या शाळा बंद करण्याबाबत आमदारांची भूमिका काय?’ परत आला. भूमिका ही ‘माहिती’ नाही. कार्यालयाकडे जो कागद आहे तोच मागता येतो. शिवाय महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, आणि माझ्या दुसऱ्या अर्जात तीन विषय होते. तोही गेला.

तिसऱ्यांदा शहाणपण आलं. आमदाराकडे कागद मागून उपयोग नाही, पण आमदाराने लिहिलेलं पत्र ज्या कार्यालयात पोचलं तिथे त्याला आवक क्रमांक पडतो. आमदार निधीतून वर्गखोल्या किती झाल्या, हे जिल्हा नियोजनकडे असतं (तिथेही ‘सुचवलेलं काम’, ‘प्रशासकीय मान्यता’ आणि ‘पूर्ण काम’ हे वेगळे रकाने आहेत, फलकावर बहुतेक पहिलाच असतो). मी शिक्षण विभागाकडे आमच्या शाळेच्या धारिकेत (फाइलमध्ये) लोकप्रतिनिधींकडून आलेल्या पत्रांच्या प्रती मागितल्या. दहा रुपयांचा स्टॅम्प लावला. तिसाव्या दिवशी पाकीट आलं.

दोन पत्रं होती, एकाच उमेदवाराची, एकाच वर्षातली. पहिल्यात लिहिलं होतं की सदर शाळा कमी पटामुळे बंद करू नये, पावसात मुलांना पऱ्या (ओढा) ओलांडून पलीकडच्या शाळेत जाणं धोक्याचं आहे. वाचून बरं वाटलं. दुसऱ्यात त्याच शाळेतल्या दोन शिक्षकांपैकी एकाला त्या शिक्षकाच्या घराजवळच्या शाळेत कामगिरीवर (तात्पुरत्या नेमणुकीवर) पाठवावं अशी शिफारस होती. खाली लाल शाईत शेरा होता: ‘कार्यवाही करावी.’