होपी-टेवा मडकं पारखायचं कसं

होपी आणि टेवा ह्या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमाती, ॲरिझोनात शेजारी राहून त्यांनी जी मडकी घडवली ती ही. नक्षी दिसली की सगळे आधी विचारतात की ह्याचा अर्थ काय. माझं म्हणणं आहे की नक्षी जरा बाजूला ठेवा, आधी मडक्याच्या अंगाचा रंग बघा. तिथल्या फर्स्ट मेसा ह्या सपाट माथ्याच्या डोंगराकडची करडी माती भाजली की पिवळसर-मधाळ होते, मध्येच केशरी झाक मारते, कारण परंपरेने हे भट्टीत भाजतच नाहीत, उघड्यावर मेंढ्यांचं वाळलेलं शेण रचून भाजतात, मग जाळ जसा लागेल तसा रंग चढतो. सगळीकडून एकसारखा सपाट रंग असेल तर कसं भाजलंय ते विचारायचंच. पांढऱ्या लेपाची भांडीपण अस्सल असतात हां, ती लगेच बाद करू नका.

मग विक्रेत्याला विचारून आतून हात फिरवा. चाक नसतं, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून घडवतात, त्यामुळे आत हलके चढउतार लागतात, आणि बाहेरून मात्र दगडाने घासून गुळगुळीत केलेलं.

आता नक्षी. काळा रंग म्हणजे रानटी झाडपाला उकळून काढलेला घट्ट अर्क आणि त्यात उगाळलेला लोहाचा दगड, ब्रश म्हणजे यक्का ह्या टोकदार पानांच्या रानटी झाडाच्या पानाची काडी. बारीक समांतर रेघांची मायग्रेशन नक्षी बघितली की हे किती अवघड आहे ते कळतं, गोल अंगावर रेघ न चुकता परत जुळवायची! पंख, पक्ष्यांच्या शेपट्या वगैरे बरंचसं सिक्याटकी ह्या जुन्या होपी गावाच्या भांड्यांवरून आलंय. 1680 मध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध झालेल्या उठावानंतर रिओ ग्रांदे नदीकडून आलेल्या टेवा लोकांनी फर्स्ट मेसावर हानो हे गाव वसवलं, मडकी घडवणाऱ्या प्रसिद्ध नॅम्पेयो तिथल्याच. त्यांनी ती जुनी खापरं बारकाईने बघितली आणि नुसती नक्कल न करता स्वतःची मांडणी उभी केली, म्हणून मला त्या फार मोठ्या वाटतात.

तळाची खूण बघा. बेडूक असेल तर पाक्वा नाहा किंवा जॉय नावासी, पीस असेल तर हेलन नाहा, ह्या सगळ्या मडकी घडवणाऱ्या बायका. नॅम्पेयो स्वतः सही करत नसत, त्यामुळे नुसत्या सहीवर त्यांचं म्हणून कुणी विकत असेल तर घाई नको. कलाकाराचं नाव आणि जमात लिहून मागा, अमेरिकेत 1990 च्या कायद्याने खोटं सांगून विकणं गुन्हा आहे.

घरी आणल्यावर पाणी अजिबात नको, ओल्या फडक्यानेसुद्धा पुसू नका, मऊ कोरडा ब्रश पुरतो.